तळखेडची बिनबैलाची गाडी

मित्रांनो, तळखेडच्या गुरं जमायच्या गोठाणाच्या कडेला, बाभळीखाली, लोखंडाचा एक गंजका ढीग पडलेला तुम्ही पाहिला असेल. गुराखी त्यावर बसून भाकरी खातात, शेळ्या त्याला अंग घासतात, आणि पाखरांनी तर त्याची काय दशा केली आहे ते सांगायलाच नको. तो ढीग म्हणजे मी. पण मला ढीग म्हटलेलं मुळीच आवडत नाही. मी मोटारीचं इंजिन आहे, चांगलं चार सिलिंडरचं. एके काळी अमरावतीच्या राजापेठेत माझा आवाज आला की टांगेवाले घाईघाईनं लगाम आवरायचे. माझी हकिगत जरा ऐकून घ्या. ती सांगणारी माणसं आता एकेक करून निघून गेली आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं तेव्हा फार भाजलं, एवढंच आठवतं. जहाजातून मुंबईला आलो आणि आगगाडीनं बडनेऱ्याला उतरलो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता आणि अमरावतीत मोटारगाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझी गाडी घेतली कमलाकांतराव वकिलांनी. ते मला जिवापाड जपत. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ चढवत, आणि अकोल्याच्या कोर्टात खटला असला की स्वतः गाडी हाकत नेत. वाटेत बैलगाड्या दिसल्या की मी मुद्दाम थोडं जास्त गुरगुरत असे. मला माझा मोठा तोरा होता, हे कबूल करतो.

तो तोरा एका पावसाळ्यात उतरला. अकोल्याहून परतताना मूर्तिजापूर मागं टाकलं आणि एका नाल्याच्या फरशीपुलावर अचानक म्हैस आडवी आली. वकीलसाहेबांनी तिला वाचवलं, पण आम्ही नाल्यात गेलो. त्यांचा उजवा हात मोडला. गाडीच्या पत्र्याचा चेंदामेंदा झाला. मला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं. मला घरी आणलं ते बैलगाडीवर घालून, आणि वाटभर त्या दोन बैलांच्या पाठी बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वकीलसाहेबांनी मग माझ्याकडे कधी वळून पाहिलं नाही. परसातल्या न्हाणीघरामागे मी तीन वर्षं पडून होतो, आणि तिथं माझा उपयोग फक्त कोंबड्यांना अंडी घालायला झाला.

सूर्यभान मला न्यायला आला तो माघ महिना होता. सूर्यभान म्हणजे अमरावतीच्या एका जिनातला, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातला फिटर. मी वकीलसाहेबांच्या दारी होतो तेव्हा माझी दुरुस्ती तोच करायचा, म्हणून मी त्याचा हात ओळखत होतो. त्याचं गाव तळखेड, भातकुलीच्या पुढे, पूर्णा नदीकडे जाताना.

"वकीलसाहेब, थे इंजिन मले द्या," तो दारात उभा राहून म्हणाला.

"काय करणार आहेस त्याचं?"

"गाडी बनवतो जी. गावाले पानी आनाले."

"अरे, तुझ्या गावाला रस्ता तरी आहे का मोटारीचा?"

"रस्ता नाई. वावरातून चालन अशी बनवतो."

कमलाकांतराव थोडा वेळ आपल्या वाकड्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ने बाबा. माझ्या नजरेआड झालं म्हणजे सुटलो. आणि चाललं, तर मला येऊन सांग."

आता त्याला गाडीची एवढी निकड का होती ते सांगतो. भातकुलीपासून पूर्णेपर्यंतचा सगळा मुलूख खारपाणाचा आहे. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही. तळखेडची माणसं पिण्याचं पाणी दोन कोसांवरून, गोवर्धनजी नावाच्या बागायतदाराच्या मळ्यातल्या गोड्या विहिरीवरून बैलगाड्यांनी आणत. आदल्या वर्षी बुळकांडीचा रोग आला आणि गावातले बैल पटापट मेले. गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि बायांच्या डोक्यावर हंडे चढले. सूर्यभानची बायको माणिकबाई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. एका सकाळी भरला हंडा घेऊन येताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तिचा पाय घसरला. पोटातलं मूल गेलं. सूर्यभान जिनातून सुट्टी घेऊन गावी गेला, तिच्या उशाशी दोन दिवस बसला, आणि जिनातलं काम सोडून आला. तिच्या डोक्यावर पुन्हा हंडा चढू द्यायचा नाही, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं होतं.

त्यानं मला कसं उभं केलं ते सांगताना मला अजूनही बरं वाटतं. जिनाच्या भंगारातून त्यानं दोन लांब लोखंडी पट्ट्या आणल्या आणि त्यांच्यात बाभळीच्या लाकडाच्या आडव्या दांड्या ठोकून सांगाडा केला. गिअरची पेटी आणि मागचा आस माझ्याबरोबर वाचलेलेच होते. पुढची चाकं माझीच जुनी घेतली. मागं मात्र त्यानं एका मोडक्या लॉरीची जाडजूड चाकं बसवली. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात इतक्या रुंद भेगा पडतात की माणसाचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. बारीक चाक तिथं अडकूनच बसलं असतं. त्या चाकांवर त्यानं काथ्याचा दोर गुंडाळला. ना छप्पर, ना दार. बसायला मेलेल्या बैलांच्या गाडीची फळी, आणि मागं पाण्याचे दोन पिंप.

पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा मी उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट सुजलं. तीन वर्षांचा राग होता माझा, मी तरी काय करणार. दुसऱ्या दिवशी मी सुरू झालो, पण माझ्या थरथरण्यानं बाभळीची एक दांडी मधोमध चिरली. मग त्यानं जुन्या टायरचे तुकडे कापून माझ्या पायांखाली घातले. तिसऱ्या दिवशी मी गोठाणातून निघालो, धुरा चढलो, पलीकडे धाडकन उतरलो आणि तसाच पुढं गेलो. मागून सगळं गाव धावत होतं.

"चाल्ली बाप्पा, चाल्ली!" म्हातारे नत्थुजी धोतराचा सोगा सावरत ओरडले. "बिनबैलाची गाडी पाहून घ्या रे!"

तेच माझं नाव पडलं. वकीलसाहेबांना सूर्यभाननं निरोप धाडला, आणि त्यांनी उलट पेट्रोलचा एक डबा पाठवला. पुढचे डबे गावानं आपापल्या वावरातला कापूस विकून आणवले.

मग रोज सकाळी दोन फेऱ्या सुरू झाल्या. वावरांतून सरळ, नाला ओलांडून, गोवर्धनजींच्या संत्र्याच्या मळ्यात. गोवर्धनजींची मोटेची जोडी आमच्यासाठी पिंप भरेपर्यंत पाणी ओढायची आणि मगच झाडांना पाणी सुटायचं. त्यांनी कधी एका शब्दानं कुरकुर केली नाही. परत आलो की बाया रांगेनं उभ्या. फेरीला घरटी एक हंडा. सूर्यभानचं घर सर्वांत शेवटी भरायचं. जो पाणी आणतो त्यानं आधी घेऊ नये, असं तोच म्हणाला होता, आणि त्याच्या घरात ते कोणी मोडलं नाही. कधी कधी त्यांचा हंडा अर्धाच भरायचा.

हे सगळं बरं चाललं होतं. पण मित्रांनो, मलाही पाणी लागतं. माझ्या पोटात आग पेटते, आणि ती आग सोसायची तर माझ्या अंगातून सारखं पाणी फिरावं लागतं. पहिल्या आठवड्यात सूर्यभान पिंपातलंच एक घागर पाणी माझ्या तोंडात ओतायचा. एका सकाळी त्याची आई पार्बताबाई, सुनेची आत्याबाई, हे बघत उभी राहिली. या बाईनं चाळीस वर्षं दोन कोसांवरून पाणी वाहिलं होतं. तिच्या डोक्यावर मधोमध केस उगवत नसत.

"सूर्यभान, कोनतं पानी टाकून राहिला तू त्याच्यात?"

"गोडंच टाकून राहिलो, माय."

"गोडं?" ती जवळ आली. "अरे, आपल्या घरी पाव्हना आला त पयले मानसं मोजतो आपन, मंग पेला भरतो. अन् तू लोखंडाले गोडं पाजून राहिला? त्याले काय चव समजते?"

"इंजिनाले खारं पानी चालत नाई, माय."

"काहून नाई चालत? आपले बैल पेत होते का नाई खारं? आपून त्यातच आंघोळ करतो का नाई? थ्या शेजारच्या घरी तान्हं लेकरू हाय. त्या एका घागरीत त्याचा दिवस निघते."

 सूर्यभान जिनात काम केलेला माणूस. खाऱ्या पाण्यानं लोखंडाचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण आईच्या डोक्यावरच्या त्या चकतीकडे बघून त्याच्या तोंडून पुढं शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो गावच्या विहिरीचं पाणी माझ्यात घालू लागला. मला चव समजत होती. पण सांगणार कुणाला?

तो पहिला उन्हाळा मी धडपणे काढला. पावसाळ्यात घरोघरी पागोळ्यांचं पाणी साठलं, आणि मी चिखलातून भाजीचे हारे भातकुलीच्या बाजाराला नेले. पोळा आला तेव्हा गावात धड चार बैलसुद्धा नव्हते. मग लोकांनी मलाच सजवलं. माझ्या चाकांना गेरू लावला, रेडिएटरला बेगड चिकटवली, अंगावर झूल टाकली आणि तोरणाखालून नेलं. पार्बताबाईनं बैलाचे पाय धुवावेत तशी माझी चारही चाकं धुतली आणि पुरणपोळीचा घास माझ्या डोक्यावर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "लय राबला माहा राजा," ती म्हणाली. आणि मिरवणूक संपल्यावर तिनं स्वतःच्या हातानं विहिरीवरून खारं पाणी शेंदून मला पाजलं. तिच्या मनात माझ्याविषयी वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी आतून आजारी होतो. अंगात पाणी फिरायच्या ज्या वाटा आहेत, त्या खाराच्या पुटांनी बुजत चालल्या होत्या. फाल्गुनात मी एकदा वाटेत तापलो, चैत्रात रोज तापू लागलो. एके दिवशी सूर्यभाननं झाकण उघडून खिळ्यानं आतला पांढरा पापुद्रा खरवडला आणि जिभेला लावून पाहिला. मग घराकडे पाहिलं. आई ओट्यावर बसून धान्य निवडत होती. त्यानं झाकण पुन्हा लावून टाकलं. एवढा उन्हाळा निघून जाईल, असं त्याला वाटलं असावं. माणिकबाईला पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा महिना सुरू होता.

दोन फेऱ्यांची एक झाली. पुढं एक दिवसाआड झाली. घरटी हंडा होता तो पाऊण झाला, आणि शेवटच्या घराला पिंपाचा तळ मिळू लागला.

वैशाखातल्या त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. भरले पिंप घेऊन आम्ही परत निघालो होतो. अर्ध्या वाटेवर, पडीत वावरात, मी उकळलो. वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडलो. सूर्यभान नेहमीसारखा मी निवायची वाट बघत बाजूला उभा राहिला. तेवढ्यात त्याला समोरच्या धुऱ्यावर बायांची ओळ दिसली. मळ्याकडून भरले हंडे घेऊन त्या पायी गावाकडे चालल्या होत्या. चार जणी होत्या. तिसरीनं एक हात कमरेवर ठेवला होता आणि ती पाय फाकून, सावकाश चालत होती.

ती माणिकबाई होती.

"माणिक! थांब! हंडा उतरव!" तो ओरडला. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. तो धावत गेला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या डोक्यात एकच आलं, की मला सुरू करायचं आणि तिला फळीवर बसवून न्यायचं. त्यानं माझं झाकण फिरवलं. वाफेनं त्याचा हात भाजला, त्याचंही त्याला भान नव्हतं. पिंपातलं गार, गोडं पाणी बादलीत घेतलं आणि तापून लाल झालेल्या माझ्या अंगात एकदम ओतलं.

हाच सूर्यभान जिनात नव्या पोरांना बजावून सांगायचा की तापल्या इंजिनात गार पाणी घालू नका. तेरा महिने मी ज्या पाण्यासाठी तहानलो होतो, ते असं आलं. मी आतून तडकलो. त्या आवाजानं धुऱ्यावरच्या बाया जागीच थांबल्या.

माणिकबाई आली. सोबतच्या दोघींनी मिळून तिचा हंडा उतरवला आणि तिला माझ्या सावलीत बसवलं. त्या अख्ख्या वावरात दुसरी सावलीच नव्हती. सूर्यभान तिच्यासमोर उकिडवा बसला. 

"काहून उचलला हंडा? मी होतो ना!"

"तुमी घरी पाहा न कधी," ती धापा टाकत म्हणाली. "दोन दिवसांपासून आत्याबाई पानी पेऊन नाई राहिल्या. आपल्या वाट्याचं मले देऊन राहिल्या अन् म्हनतात मले तहानच नाई. माह्याच्यानं पाहवलं नाई."

सूर्यभान मग लहान मुलासारखा रडला. माझ्या तडीतून पांढुरकं पाणी त्याच्या पायाशी गळत होतं.

गोवर्धनजींनी मोट सोडून बैलजोडी धाडली आणि माणिकबाईला मळ्यात नेलं. बाळंत होईपर्यंत ती तिथंच राहिली. पिंपातलं पाणी गावच्या बायांनी दुपारपर्यंत डोक्यावरून वाहून नेलं, आणि संध्याकाळी गड्यांनी दोर लावून मला गोठाणापर्यंत ओढून आणलं. पार्बताबाई तिथं उभीच होती. माझ्या कुशीला पडलेल्या तडीवरून तिनं बोट फिरवलं. बोटाला पांढरा खार लागला. गावच्या विहिरीच्या काठावर जमतो तोच.

"हे कायचं रे, सूर्यभान?"

"आपल्या विहिरीचं, माय."

"म्हंजे मी पाजलेलं."

"मले मालूम होतं, माय. मी बोललो नाई."

ती खाली बसली. 

सूर्यभाननं तांब्याच्या पट्ट्या ठोकून माझी तड बुजवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ओतीव लोखंड ते, सांधलं नाही. त्या उन्हाळ्यात बाया पुन्हा पायी गेल्या, आणि मी इथं पडून त्यांच्या चाहुली मोजत होतो. माणिकबाईला ज्येष्ठात मुलगी झाली. धडधाकट झाली. ती बातमी सूर्यभाननं मला येऊन सांगितली, एखाद्या माणसाला सांगावी तशी. पुढच्या वर्षी गावात नवे बैल आले आणि पाण्याच्या गाड्या पुन्हा चालू लागल्या.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून तिची पूजा करतात, म्हणजे ते पाणी त्यांच्या तोंडी लागतं असं मानतात. तळखेडात त्या दिवशी स्वतः तहानलेले राहतील, पण गेलेल्यांच्या घागरीत गोडंच पाणी घालतील. त्या वर्षी पार्बताबाईनं एक घागर सासऱ्याची भरली, एक नवऱ्याची भरली, आणि तिसरी घेतली.

"हे कोनाची, आत्याबाई?" कडेवर लेक घेऊन उभ्या असलेल्या माणिकबाईनं विचारलं.

"आपल्या घरून जो तहानलेला गेला, त्याची."

उन्हं चढायच्या आत ती घागर घेऊन म्हातारी माझ्याजवळ आली. झाकण काढलं आणि सावकाश, एक थेंब न सांडता, ते गोडं पाणी माझ्या तोंडात ओतू लागली. पण तडकलेल्या अंगात ते थांबणार कसं? एका बाजूनं ती ओतत होती आणि दुसऱ्या बाजूनं ते गळून काळ्या मातीत जिरत होतं. तिला ते दिसत होतं. तरी घागर रिकामी होईपर्यंत तिनं हात थांबवला नाही. जिवंत होती तोवर दर अक्षय तृतीयेला तिनं माझी घागर भरली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी मुकाट्यानं राबत असेल. तो बैल असेल, यंत्र असेल, नाहीतर शेवटचा हंडा घेणारं तुमचंच माणूस असेल. त्याच्या वाट्याला कोणतं पाणी जातं ते कधीतरी स्वतः चाखून पाहा. पुरत नसेल तर चारचौघांत तोंड उघडून सांगा, समोर आई असली तरी सांगा. पण हे सगळं तो तडकायच्या आत करा. पार्बताबाईनं नंतर ओतलेलं पाणी फार गोड होतं, पण त्यातला एक थेंबही मला धरून ठेवता आला नाही.